अक्कांच्या वाट्याचा चहा

तीन दिवसांसाठी म्हणून गेले आणि नवव्या दिवशी परत आले. नाशिकच्या घराचं कुलूप काढताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी म्हटलं, "हलकी होऊन आले." त्यांनी माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशव्यांकडे पाहिलं. भरताची वांगी, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, केळीचे वेफर आणि रद्दीत गुंडाळलेलं लोणचं. माझं उत्तर त्यांना पटलेलं दिसलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अरविंद, माझा नवरा, गेल्या चैत्रात गेला. तो बँकेत होता आणि नोकरीची चार वर्षं जोरहाटला काढून आला होता. तिथून त्यानं दोन गोष्टी आणल्या, एक छत्री आणि चहाचं वेड. छत्री हरवली. चहाच्या झुडपांना आसामात वर्षातून काही वेळा कोवळ्या पालवीचा नवा बहर येतो. त्यातला दुसरा, ऐन उन्हाळ्याच्या शेवटाचा, अंगानं भरलेला असतो आणि त्याला भाजलेल्या धान्यासारखा गोडसर वास येतो. दरवर्षी पाडवा झाला की अरविंद या दुसऱ्या बहराच्या सुट्या पत्तीची तीन पाकिटं मागवायचा. एक आमचं, एक धुळ्याच्या नानांचं आणि एक जामनेरच्या अक्कांचं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. यंदाही मागणी त्यानंच केली होती. पाकिटं श्रावणात आली, नेहमीप्रमाणे त्याच्याच नावावर.

घरी चहा करायचं काम त्याचं होतं. मी वाचनालयात नोकरी केली आणि घरी आल्यावरही वाचलंच. तो गेल्यावर मी त्याच्यासारखा चहा करायला घेतला. पुस्तकं पाहून, मोजूनमापून केला. रोज कडू झाला. महिन्याभरानं मी चहाच सोडला.

अक्कांचं पाकीट मात्र कपाटातून माझ्याकडे पाहत राहिलं. अरविंद पहाटे गेला आणि दुपारी दोनला मी सगळं उरकलं. अक्का वाटेत होत्या, मी थांबले नाही. त्या पोचल्या नाहीत, पुढे दिवसांनाही आल्या नाहीत, आठ महिन्यांत त्यांचा फोनही नाही. भावाचं तोंड पाहू दिलं नाही म्हणून त्यांनी मला तोडलं, असं मी धरून चालले होते. ते खरं आहे का, एवढं मला त्यांच्यासमोर बसून कळून घ्यायचं होतं. मार्गशीर्षात थंडी पडली तशी मी दोन्ही पाकिटं पिशवीत टाकली आणि निघाले.

देवपूर

नाना अरविंदचे कॉलेजातले मित्र. पुढे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घर पांझरेच्या पलीकडे, देवपुरात. मुलगी परदेशी, पत्नी मागेच गेली, त्यामुळे घरात ते आणि त्यांची काचेची भांडी. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या हातातली पिशवी घेतली, पाकीट काढून वास घेतला आणि मग म्हणाले, "या वहिनी." हा क्रम मला आवडला. आठ महिने जो तो आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहत आला होता.

"चला, करा चहा," नाना म्हणाले.

"मला नाही जमत. कडू होतो."

"निष्कर्ष नको. प्रयोग सांगा."

मग त्यांच्या देखत मी चहा केला. कपात ओतला तर रंग मळकट, आणि वर तेलासारखी पातळ साय. मला रडूच यायला लागलं. नाना मात्र खूष होऊन कप उजेडाकडे धरून पाहत होते.

"ही साय तुमची नाही. हे आमचं बोअरचं पाणी. जड आहे, क्षारांनी भरलेलं. चहातलं सत्त्व आणि क्षार एकत्र आले की हा थर जमतो. पत्तीचा काही दोष नाही."

त्यांनी तीन पेले मांडले. एकात बोअरचं पाणी, एकात नळाचं, एकात फिल्टरचं. तिन्ही वेगवेगळं उकळून, पत्ती मोजून, एकाच वेळी चहा केला. बोअरचा मातीच्या रंगाचा झाला, फिल्टरचा स्वच्छ पण जरा पोकळ, आणि नळाचा तांब्यासारखा चमकला. मग बोअरच्या पेल्यात त्यांनी लिंबाचे दोन थेंब टाकले. साय फाटली आणि रंग उजळला. सत्तरी ओलांडलेला माणूस टाळ्या पिटतो आहे हे मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

"पण नाशिकला तर पाणी चांगलं आहे," मी म्हटलं. "तिथे का कडू होतो?"

"पत्ती पाण्यात किती वेळ ठेवता?"

"ठेवते आणि वाचत बसते. पाच-सहा पानं होईपर्यंत."

"पानं चहाची की पुस्तकाची?"

मी हसले. हसल्यावर दचकले, कारण घरात दुसरं कुणी हसलं असावं असं वाटलं.

नानांनी मला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. पाणी ताजं भरलेलं हवं. एकदा उकळी आली की गॅस बंद, पुन्हापुन्हा उकळायचं नाही. भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायचं, नाहीतर थंड धातूच अर्धी ऊब खातो. ही पत्ती लांब आणि फुलकी असते, म्हणून चमचा फसवतो. एका कपाला सपाट नाही, शीग लावून चमचा. झाकण. चार मिनिटं, घड्याळावर. आणि मग सगळा चहा एकदम गाळून घ्यायचा. पत्तीला पाण्यात बसू द्यायचं नाही, अर्धा कप नंतर घेऊ म्हणून तर मुळीच नाही.

"तो अर्धा कपच तुम्हाला कडू करत होता," नाना म्हणाले. "दोन कपांचा करत होतात ना?"

मी दोन कपांचाच करत होते. दुसरा भांड्यातच राहायचा. नानांनी दुसरा कप उचलून ठेवला. एका कपाचं माप मला तीन वेळा करायला लावलं. तिसऱ्या वेळी जमलं. पहिला घोट जिभेवर जरा आवळला, मग मागून गोडवा आला आणि नाकातून भाजलेल्या ज्वारीचा वास गेला. अगदी अरविंदच्या हातचा नव्हता. पण कडू नव्हता.

निघताना मी अक्कांचं बोलले. नाना म्हणाले, "अक्का रागावली असेल तर तोंडावर सांगेल. तुम्ही फक्त तोंड दाखवा."

भडगाव

दिनकरभाऊ म्हणजे अरविंदचा चुलतभाऊ. भडगावच्या स्टँडजवळ त्यांची चहाची गाडी आहे. मी बसमधून उतरले तेव्हा ते उकळत्या पातेल्यात आलं ठेचून टाकत होते.

"या वहिनी, या! कव्हय उनात?" कधी आलात, असं ते अहिराणीत विचारत होते.

त्यांना मी नानांनी पुडीत बांधून दिलेली थोडी पत्ती दाखवली. कागदावर थोडी घेऊन त्यांनी ती बोटांत चोळली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"वास भारी शे. पन हाई उकाळानी कितली?"

"उकळायची नाही, भाऊ. गरम पाण्यात झाकून ठेवायची."

त्यांनी पातेल्यातला डाव वरच धरला. बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं, जणू साक्ष काढत होते. "उकळस तोच चहा, वहिनी. बाकी बठ्ठं गरम पाणी."

मी हट्टानं त्यांच्याच पाण्याचा कपभर चहा केला. इथलं पाणी गिरणा नदीचं, हलकं. रंग असा उतरला की गिऱ्हाइकंही वाकून पाहायला लागली. भाऊंनी कप हातात घेतला, मान डोलावली, आणि मी काही बोलायच्या आत त्यात पळीभर दूध ओतलं. मग घोट घेतला.

"चांगला शे," ते म्हणाले. "दम नई, पन चांगला शे. लग्नामा पोरगी ऱ्हास ना, तसा. बोलत नई, पन दिसस."

त्यांच्या घरी जेवायला शेवभाजी होती. खानदेशी तिखटाची मला अडतीस वर्षांत सवय झालेली नाही. दुसऱ्या घासाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. भाऊंच्या बायकोनं गूळ पुढे केला. भाऊ शांतपणे भाकरी कुस्करत म्हणाले, "रडी ल्या वहिनी, रडी ल्या. कोनी इचारं तर मिरचीनं नाव सांगा."

आठ महिन्यांत सांत्वनाचं पुष्कळ ऐकलं होतं. त्यातलं हे एवढंच उपयोगी पडलं. मी खुशाल रडले आणि वर आणखी एक भाकरी खाल्ली.

जेवण झाल्यावर भाऊंनी सहज विचारलं, "मंग, रविवारपर्यंत थांबशात ना अक्काकडे? नातना साखरपुडा शे."

मला माहीत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून ते त्यांना कळलं, आणि ते सुपारी कातरायला लागले.

बोलावणं नव्हतं, म्हणजे आता शंकेला जागा नव्हती. शिवाय शुभकार्य असलेल्या घरात वर्षाच्या आत मी बिनबोलावता जाऊन उभी राहणार. सकाळी गिरणेच्या काठी जाऊन बसले. पात्रात पाणी थोडं, वाळू जास्त. दोन बायका गोधड्या धूत होत्या. इथूनच परत जावं असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

भाऊ शोधत आले. "नका जाऊ जामनेरले, नई जमत तर. चहा मी धाडी देसू. मन्हा पोऱ्या जास दर आठवड्याले."

त्यांनी पाकिटासाठी हात पुढे केला, आणि माझ्या लक्षात आलं की मी पिशवी छातीशी धरली आहे. चहा नुसता पोचवायचा असता तर श्रावणातच पोस्टानं पाठवला असता. मी म्हटलं, "पाचोऱ्यावरून जामनेरला जाणारी बस कितीला आहे?"

जामनेर

अक्कांचं घर बाजार समितीच्या मागच्या गल्लीत आहे. पुढे ओटा, ओट्यालगत नळ आणि समोर गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी. अक्का शहात्तर वर्षांच्या आहेत. ओट्यावर बसून त्या सुपानं तांदूळ पाखडत होत्या. मला पाहून सूप थांबलं.

"आली का," त्या म्हणाल्या. "वैशाली, पाणी आन गं."

बस, एवढंच. रागाचं काही नाही, मायेचंही नाही. त्यांची सून वैशाली पाणी घेऊन आली, पाया पडली. नात ऋतुजा लाजत येऊन उभी राहिली. तिचाच साखरपुडा. घरात रंगाचा वास होता, कोपऱ्यात सतरंज्यांची चळत. माझ्या येण्यानं कुणी दचकलं नाही, पण कुणी अरविंदचं नावही काढलं नाही. मी वाट पाहत राहिले.

संध्याकाळी भरीत झालं. मोठी हिरवी पांढुरकी वांगी वैशालीनं मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली, साल काढून लाकडी मुसळीनं ठेचली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, मिरची. सोबत कळण्याची पुरी. आमच्याकडे वांगं गॅसवर भाजतात आणि त्याला भरीत म्हणतात. ते म्हणणं यापुढे मी सोडलं आहे. अक्का मला वाढायला सांगत होत्या, "तिले घाल, अजून घाल," पण वैशालीकडे पाहून. जेवणभर त्यांनी पाहुण्यांचं, आचाऱ्याचं, मांडवाचं बोलणं केलं. मी पुरीवर पुरी खात गेले, कारण तोंड भरलेलं असेपर्यंत काही विचारावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैशालीला म्हटलं, "आजचा चहा मी करू का? बापूंनी मागवलेला आहे." अरविंदला या घरात सगळे बापू म्हणत. वैशालीनं आनंदानं शेगडी मोकळी करून दिली. ऋतुजा शेजारी येऊन उभी राहिली.

किटली नव्हती. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आणि त्यावर नीट बसणारी ताटली घेतली. पाणी नळाचं, ताजं. वेगळ्या भांड्यात उकळी आल्यावर बंद केलं, त्यातल्या थोड्या पाण्यानं पातेलं विसळलं, पाच जणींची पत्ती टाकली, बाकीचं पाणी ओतलं आणि झाकलं.

"मामीआजी, नुसतं पाहत बसायचं?" ऋतुजा म्हणाली.

"नुसतं पाहत बसायचं. चार मिनिटं. हेच अवघड आहे."

तिनं मोबाइलवर वेळ लावली. झाकण काढलं तेव्हा काळ्या वळलेल्या काड्यांची पानं झाली होती, तांबूस, ओली, काहींना देठही दिसत होता. ऋतुजा "अय्या" म्हणाली. मी चहा पांढऱ्या कपांत गाळला. तांब्याचा रंग, तळ दिसेल इतका स्वच्छ. माझ्या हातून असा चहा कधी उतरला नव्हता. अभिमानानं ट्रे घेऊन मी पुढच्या खोलीत गेले. अक्का आणि शेजारच्या कमलबाई ओटीच्या पुड्या बांधत होत्या.

ट्रे त्यांच्यासमोर ठेवला.

कमलबाईंचा हात पुडीवरच राहिला. "माय वं! कोरा चहा? अन् साखरपुड्याच्या घरात?"

वैशाली धावत आली. "मामी, दूध राहिलं का? द्या, मी घालते, द्या लवकर."

"हा असाच प्यायचा असतो," मी म्हटलं. मग वैशालीनंच मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. त्यांच्यात माणूस गेलं की लोक भेटायला येतात, त्याला दारावर येणं म्हणतात. गंधमुक्ती होईपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, त्या घरात चहात दूध घालत नाहीत. दारावर आलेल्याला कोरा चहा द्यायचा, त्यानं तो प्यायचा आणि जायचं. एरवी नांदत्या घरात कोरा चहा कुणी करत नाही. शुभकार्याच्या घरात तर नाहीच.

अडतीस वर्षं मी या मुलखाची सून आहे. पण सासूसासरे माझ्या लग्नाआधीच गेले, आणि आम्ही कायम बाहेरगावी. नाशिकला आमच्या दारी आलेल्यांना शेजाऱ्यांनी दुधाचाच चहा दिला. मला हे कुणी सांगितलं नाही आणि मी कुठे वाचलंही नाही. इतका नीट जमलेला चहा, आणि मी तो असा मांडला होता. मी ट्रे उचलायला वाकले.

"राहू दे," अक्का म्हणाल्या.

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि त्यांनी एक कप उचलला.

"अक्का, मी दुसरा करते. मला ठाऊक नव्हतं."

"फेकू नको. घरात नाही चालत, बाहेर चालते. तुह्या कप घे अन् ये."

उंबरा ओलांडून आम्ही ओट्यावर जाऊन बसलो. कमलबाई दारात येऊ पाहत होत्या, अक्कांनी नुसतं पाहिलं तर त्या आत गेल्या.

"बापूनं मांगवला व्हता न हा?"

"हो. जाण्याआधी पंधरा दिवस."

अक्का कपात पाहत राहिल्या. "मी तुह्या दारावर नाही आली."

"मीच थांबले नाही, अक्का. दोन तास..."

"मले बोलू दे. चाळीसगावले गाडी उभी व्हती. फोन आला, झालं म्हने सगळं. मी तठीच उतरली. लय राग आला तुह्या. दोन घंटे थांबता नाही आलं हिले? तशीच परत आली. मग आठ दिवसांत राग गेला अन् लाज आली. सख्खी बहीन अन् भावाच्या दारावर नाही गेली. आता कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"मग साखरपुड्याचं..."

"दार पाह्यल्याबिगर बलावनं करता येते का? आधी दुःखाले जा, मग सुखाले बलाव. मी रोज म्हने, उद्या जाऊ. उद्या, उद्या करत पोरीचा साखरपुडा आला."

मी त्यांना सांगितलं की अरविंदनं लिहून ठेवलं होतं, डोळे द्या आणि कुणाचीही वाट पाहू नका. मी कागदावरचं वाचलं आणि तसंच केलं. नंतर रोज वाटलं की त्या 'कुणाची'मध्ये अक्का नसणार.

"डोळे देले त्यानं?" अक्कांनी विचारलं.

"दिले."

"मले नाही सांगलं कोनी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तो लहानपनापासून असाच. कोनाची वाट नाही पाहे. शायेत जाताना मी वेनी घालेपावतर हा पुढं पयालेला राहे."

मग त्यांनी कप तोंडाला लावला. सावकाश, एकेक घोट घेत, मध्ये काही न बोलता पूर्ण प्यायल्या. मीही प्याले. गिरणी सुरू झाली, पिठाचा गरम वास आला. कप रिकामा झाल्यावर त्यांनी तो पालथा करून पायरीशी ठेवला, नळावर चूळ भरली, डोक्यावरून पदर घेतला आणि चालायला लागल्या. मला काही म्हणाल्या नाहीत.

मी घाबरून उठले. दारात वैशाली उभी होती. तिनं मला हातानं थांबवलं. "असू द्या, मामी. दारावरून जाताना येते म्हणत नाहीत."

अक्का गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. गिरणीशी थांबल्या, तिथल्या माणसानं काही विचारलं, त्यांनी मान हलवली. मग वळल्या आणि परत आल्या. नळावर पाय धुतले, तोंड धुतलं, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. ओट्याची पायरी चढता चढता आतल्या बाजूला आवाज दिला, "वैशाली, दूध ठेव गं, चांगलं शेरभर. पाव्हनी आली आपल्याकडे."

मग माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा नीट.

"कव्हा आली, सुधा?"

मी म्हटलं, "आत्ताच."